लिफ्टचे पैसे

मध्यमवर्गीय माणूस जन्मभर दोन घटनांखाली नांदत असतो. एक भारताची आणि दुसरी त्याच्या सोसायटीची. पहिली त्याने वाचलेली नसते, कारण ती फार मोठी आहे. दुसरी वाचलेली नसते, कारण ती सेक्रेटरीच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली आधीच्या सेक्रेटरीकडे असते. या दुसऱ्या घटनेला सरकारी मराठीत 'उपविधी' म्हणतात. उपवास, उपदेश, उपविधी! एक उपमा सोडला तर 'उप'ने सुरू होणाऱ्या कुठल्याही गोष्टीने आपल्या माणसाचं पोट भरत नाही.

मी मात्र आमच्या सोसायटीचे उपविधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहेत. हे सांगितलं की, दुखत नसताना दाढ काढून घेतलेल्या माणसाकडे बघावं तसं लोक माझ्याकडे बघतात. पण खरं सांगतो, मजा आली. गळती, पार्किंग आणि थकबाकी यांच्या मधल्या फटींत नीतिशास्त्राचे असे काही प्रश्न दडून बसले आहेत की एखाद्या तत्त्ववेत्त्याने खुर्ची ओढून बसावं. (खुर्च्या आहेत. सोसायटीच्या मालकीच्या चाळीस. त्यांपैकी हजर सव्वीस.)

साधं शेअर सर्टिफिकेट घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने पन्नास रुपयांचे निदान दहा शेअर घ्यायचे. म्हणजे आयुष्यभराची कमाई आणि वीस वर्षांचं बँकेचं कर्ज ओतून जी जागा घेतली, तिच्याबद्दल हा कागद म्हणतो, रुपये ५०० फक्त. त्यातलं 'फक्त' मनाला फार लागतं. पण याच कागदामागे एक मोठी गोष्ट उभी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० सांगतो की एका सभासदाला एक मत. तीन बेडरूमवाल्याला एक आणि एका खोलीवाल्यालाही एकच. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा आवाज मोठा. सोसायटीत आवाज मोठा असतो तो ज्याचा मुळातच मोठा आहे त्याचा.

ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी निघाली ती १९१५ साली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या पांढरपेशाला एकट्याने घर बांधणं झेपत नव्हतं, तेव्हा अनेकांनी मिळून बांधावं, हा साधा हिशेब. पुढे कायदे वाढत गेले. १९६० चा सहकाराचा, १९६३ चा बिल्डरला वेसण घालणारा, १९७० चा अपार्टमेंटचा. २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणं हा मूलभूत हक्कच होऊन बसला, आणि २०१९ साली राज्याच्या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. संस्था काढणं हा हक्क झाला खरा. सभेला येणं मात्र अजून ज्याच्या त्याच्या मनावर आहे.

म्हणून तर उपविधींतला गणपूर्तीचा भाग वाचून मी थक्क झालो. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जी संख्या कमी असेल तितकी माणसं हवीत. अर्धा तास वाट बघायची. नाही जमली तर सभा तहकूब करायची, आणि नोटिशीत तसं लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा भरवायची. या तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही! म्हणजे तीच सात माणसं, त्याच खुर्च्यांवर, अर्धा तास अपुरी असतात आणि मग एकदम पुरतात. मधल्या वेळात बदललं काय? चहा आला. मनुष्यस्वभावाशी इतकं जमवून घेतलेला कायदा दुसरा नसेल.

पण मला आज बोलायचंय ते लिफ्टबद्दल. आदर्श उपविधींत खर्च कसा वाटायचा याची एक यादी आहे. पाण्याचे पैसे घरात किती आणि केवढ्या जाडीचे नळ आले आहेत त्यावर. पालिकेचा कर पालिका ठरवील तसा. झाडूवाला, वॉचमन, जिन्यातले दिवे यांचा खर्च सर्वांना सारखा. आणि लिफ्टच्या देखभालीचा व ती चालवण्याचा खर्च इमारतीतल्या सर्व सभासदांना सारखा, मग ते ती वापरोत की न वापरोत. ही शेवटची शेपटी मी जोडलेली नाही, नियमातलीच आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तळमजला लख्ख उभा असणार.

आमच्या तळमजल्यावर एक नंबरमध्ये एक काका राहतात. (सोसायटीत माणसाला नाव नसतं, नंबर असतो. "सोळाची गाडी मधे लागलीय", "तेराची आई आजारी आहे", "बाराने अजून पैसे भरलेले नाहीत.") एक नंबर काका आयुष्यभर हिशेब तपासत आले आणि निवृत्तीनंतर आमचे तपासतात. त्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच. "अहो, मी लिफ्टमध्ये बसून जाऊ कुठे? तळमजल्यावरून तळमजल्यावर?"

प्रश्न बिनतोड आहे. त्यावर चौथ्या मजल्यावरचे अठरा नंबर म्हणतात, "कंपाउंडची भिंत पडली तेव्हा मी पैसे दिले ना? ती नसती तर चोर काय सरळ चौथ्या मजल्यावर आला असता?" काका म्हणतात, "गच्चीच्या डांबराला मी दिले. गच्ची गळली तर माझ्या डोक्यावर यायला तिला मधले चार मजले भिजवावे लागतील." मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्याकडे संशयाने बघतात.

मग कोणीतरी तरुण सभासद उठून म्हणतो, जो जितकं वापरील तितकं त्याने द्यावं. ऐकायला सोपं. पण मग दूधवाला कोणाच्या खात्यात? दुपारभर उगाचच खालीवर करणारी अकरा नंबरची मुलं? सहाच्या घरी गणपतीला आलेले चाळीस पाहुणे? वजनाप्रमाणे घ्यायचं म्हटलं तर काही सभासदांशी कायमचं बोलणं बंद होईल. शिवाय कायद्यालाही या प्रश्नाची दोन उत्तरं ठाऊक आहेत. १९७० च्या कायद्याखालच्या अपार्टमेंटात सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. जागा मोठी तर भार मोठा. म्हणजे एकाच गल्लीत समोरासमोर दोन इमारती, दोन्हींत सारखीच माणसं, सारखेच डास, आणि न्यायाच्या व्याख्या दोन!

तर यांतली खरी कुठली? इथे मला एक बाहेरचा साक्षीदार आणावा लागतो. जॉन रॉल्स नावाचे एक अमेरिकन तत्त्ववेत्ते होते, हार्वर्डला शिकवायचे. १९७१ साली त्यांचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हे जाडजूड पुस्तक निघालं. त्यांतली एक कल्पना अशी, की समाजाचे नियम ठरवायला बसताना आपण श्रीमंत असू की गरीब, धट्टेकट्टे की दुबळे, हे आपल्याला ठाऊकच नाही असं समजा. अज्ञानाच्या अशा पडद्याआड बसून जो नियम तुम्ही मान्य कराल तो न्याय्य. जगभर या पुस्तकावर चर्चा झाल्या, प्रबंध झाले.

आमच्या सोसायटीच्या संस्थापकांनी हे काम एका स्टीलच्या डब्यात केलं होतं. जुन्या सोसायट्यांत रीतच होती ती. आधी माणसं जमायची, पैसे भरायची, प्लॉट घ्यायची, नियम मान्य करायची, आणि इमारत उभी राहिली की डब्यात चिठ्ठ्या टाकून एखाद्या लहान मुलीच्या हाताने त्या काढायची. तोवर कोण तळमजल्यावर आणि कोण चौथ्यावर, हे एका परमेश्वराला ठाऊक. त्या क्षणाच्या आदल्या दिवशी विचारलं असतं, की लिफ्टचा खर्च सर्वांनी सारखा द्यायचा का, तर वीसच्या वीस हात वर गेले असते. त्यांत एक नंबर काकांचाही असता. चिठ्ठी उघडली, तळमजला निघाला, आणि त्याच दिवसापासून त्यांना न्याय वेगळा दिसू लागला. यात काकांचा काही दोष नाही. चौथा मजला निघाला असता तर अठरा नंबरची सगळी वाक्यं त्यांनी म्हटली असती, आणि अधिक चांगल्या आकडेवारीने.

चिठ्ठी उघडल्यानंतर केलेल्या नियमांचं काय होतं याचीही उदाहरणं आहेत. ज्यांनी आपला फ्लॅट भाड्याने दिलेला असतो ते सभेला नसतात. तेव्हा हजर असलेले राहते सभासद त्यांच्यावर वाटेल तेवढा जादा आकार बसवायला एका पायावर तयार असायचे. शेवटी २००१ साली राज्य शासनाला सांगावं लागलं की हा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेऊ नका. म्हणजे सरकारलाही कळलं होतं, की बहुमत हातात आलं की सज्जन शेजाऱ्यातला सावकार जागा होतो.

आणि डब्यात चिठ्ठी कोणाकोणाची टाकायची, हा तर त्याच्याही आधीचा प्रश्न. आपल्याकडच्या गृहनिर्माणाची सुरुवातच ज्ञातीच्या आधाराने झाली, हे त्या १९१५ च्या सोसायटीच्या नावातच आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सभासद पारशीच हवा हा तिचा उपविधी २००५ साली न्यायालयाने कायद्यात बसतो असं ठरवलं. कायद्याचं ते म्हणणं बरोबर असेलही. पण आपण त्या डब्याच्या आत आहोत की बाहेर हे ठाऊक नसताना या नियमावर सही कराल का, असं कोणी मला विचारलं, तर माझा हात वर जायला वेळ लागेल. तुमचाही लागेल. नियम असला म्हणजे तो न्याय असतोच, असं उपविधी वाचणाऱ्या माणसानेही समजू नये.

हा सगळा विचार मी शांतपणे करू शकलो, कारण तोवर आमची लिफ्ट चालू होती. मग ती बंद पडली. म्हणजे नेहमीसारखी नाही, कायमची. दुरुस्तीवाल्याने खाली मान घालून सांगितलं की या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. नव्या लिफ्टचा अंदाज आला आणि सभासदांचे चेहरे उतरले. एक नंबर काकांनी तत्काळ मुद्दा काढला. "नियम देखभालीचा आहे. नवी लिफ्ट म्हणजे देखभाल नव्हे." तळमजल्याची चार आणि पहिल्या मजल्याची दोन, अशी सहा मतं त्यांच्यामागे उभी राहिली. दोन सभा झाल्या. व्हॉट्सॲपवर तर सभा चोवीस तास चालू होती. अडीच महिने गेले.

या अडीच महिन्यांत एकोणीस नंबरच्या आजी एकदाच खाली उतरल्या, त्याही खुर्चीत बसून. चार मुलांनी ती खुर्ची दवाखान्यात न्यायला उचलली होती. आजींचं वय त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे निकामी, मुलगा परदेशात. एरवी रोज संध्याकाळी पाच वाजता त्या खाली बाकावर येऊन बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायच्या. बाक रिकामा पडला. आमची माणसं वाईट नाहीत हो. कोणी भाजी आणून देई, कोणी औषधं. जो तो वर जाऊन म्हणे, "आजी, काही लागलं तर सांगा." आजी म्हणत, "सांगीन हं." त्यांना काय लागत होतं ते सर्वांना ठाऊक होतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं आम्ही देत होतो.

तेव्हा आमच्यातल्या एका मऊ मनाच्या सभासदाने तोडगा काढला. तळमजल्यावर सक्ती नको. ज्यांची इच्छा आहे त्यांनी आजींसाठी म्हणून वर्गणी द्यावी, स्वेच्छेने. सगळ्यांना ते पटलं. भांडण नाही, कटुता नाही, वर थोडं पुण्य. सेक्रेटरी ही आनंदाची बातमी सांगायला चौथ्या मजल्यावर गेले आणि आले ते जरा हळूच उतरत आले. आजींनी निरोप दिला होता, "वर्गणी गणपतीला काढतात. माझा वाटा किती तो सांगा, मी देते. बाकीच्यांचाही तसाच घ्या. मला लिफ्टमध्ये शिरताना कोणाकोणाचे आभार मानायचे त्याची यादी पाठ करायची नाहीय. भिंत पडली तेव्हा मी पैसे दिले, तळमजल्यासमोर पाणी तुंबायचं तेव्हा गटाराला दिले. तेव्हा माझे आभार मानायला कोणी चौथ्या मजल्यावर आलं नव्हतं. आणि ते बरोबरच होतं."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी गप्प झालो. सगळे उपविधी वाचूनही मला जे दिसलं नव्हतं ते बाईंनी एका ओळीत सांगितलं. आपण समजतो, की नियम म्हणजे रुक्ष आणि दया म्हणजे ओली. पण दयेवर जगणाऱ्याला रोज हसावं लागतं. भाजी आणणाऱ्याशी हसायचं, औषध आणणाऱ्याशी हसायचं, कंटाळा आला असला तरी बसा म्हणायचं. नियमाने मिळालेल्या लिफ्टमध्ये माणूस तोंड वाकडं करूनही चढू शकतो. 'वापरोत की न वापरोत' या कोरड्या शब्दांनी आजींना एवढी मोकळीक दिली होती, आणि आम्ही चांगुलपणाच्या भरात ती काढून घ्यायला निघालो होतो.

पुढची अडचण कायद्याचीच. सभासदाने मत स्वतः हजर राहून द्यायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही. आजी खाली येऊ शकत नव्हत्या. म्हणून विशेष सभेची नोटीस निघाली ती अशी, की स्थळ, चौथ्या मजल्यावरील जिन्यासमोरची मोकळी जागा. सभेची वेळ साडेसहाची. पावणेसातला आठजण होते, सातला पंधरा. आमच्या इतिहासात गणपूर्ती पहिल्या अर्ध्या तासात झाल्याची ही एकमेव नोंद. एक नंबर काका चढत होते. दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारात थांबून त्यांनी पाणी मागितलं, तिसऱ्यावर पायरीवर बसले आणि उजवा गुडघा दाबत राहिले. वर पोचल्यावर आजींनी आपल्या शेजारची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. दोघंही काही बोलले नाहीत.

आता तुम्हाला वाटेल, काकांचं मन पालटलं. छे! त्यांनी विरोधातच मत दिलं, आणि कारणंही इतिवृत्तात नोंदवायला लावली. ठराव चौदा विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. चहा घेताना काका सेक्रेटरींना म्हणाले, "माझं मत चुकीचं आहे असं मला अजून वाटत नाही. पण ठराव झाला. चेक उद्या सकाळी घेऊन जा." आणि खरोखरच पहिला चेक एक नंबरचा आला. अठरा नंबरचा यायला पाच आठवडे लागले, स्मरणपत्रांसह.

काकांबद्दलचा माझा आदर त्या चेकमुळे वाढला. पटलेला नियम कोणीही पाळील. न पटलेला, पण आपल्यासमोर रीतसर झालेला नियम पाळायला वेगळा पाठीचा कणा लागतो. आणि आजींना तरी याहून जास्त काय हवं होतं? काकांचं प्रेम नको होतं, काकांचा वाटा हवा होता.

नवी लिफ्ट आली आहे. तिच्यात चार माणसं मावतात असं लिहिलंय आणि नंबर उच्चारून सांगणारी एक बाई आहे, जिचं मराठी कोणाला पसंत नाही. त्यावर तक्रार अर्ज आला आहे. मला मात्र त्या चिठ्ठ्यांच्या डब्याची अधूनमधून आठवण होते. कोणाला कुठला मजला, एवढं त्या मुलीच्या हाताने कळलं. पण कोणाचे गुडघे किती वर्षं चालतील, कोणाचा मुलगा जवळ राहील आणि कोणाचा दूर जाईल, या चिठ्ठ्या अजून डब्यातच आहेत. पडदा पुरता उघडलेला नाही. म्हणजे नियम करताना आपण सगळे अजूनही तितकेच अडाणी आहोत, आणि ते एका अर्थी फार बरं आहे.

फक्त एक सोडत अशी आहे, की तिच्या डब्यात कोणी चिठ्ठीच टाकत नाही. वार्षिक सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक पाच, नवीन सेक्रेटरींची निवड. कायद्याने जवळजवळ सगळं बांधून दिलंय. खर्च कसा वाटायचा, सभा किती वाजता तहकूब करायची, मत कोणी द्यायचं. ही कटकट फुकटात अंगावर कोणी घ्यायची, ते मात्र त्याला अजून जमलेलं नाही. तिथे शेवटी कोणाच्या तरी चांगुलपणाचीच वर्गणी काढावी लागते. तेव्हा सभेला जरूर या. नाहीतर आम्ही सातजण चहा येईपर्यंत थांबू, आणि मग तुम्हालाच निवडू.